वॉबाशकाठची कबर

१८८३ सालच्या ऑगस्टात मका पुरुषभर उंच झाला होता, तेव्हा पिम नावाचा एक माणूस घोड्याची हलकी गाडी घेऊन ऑरिन क्रॉफ्टच्या दारात उतरला. जिल्ह्याचा इतिहास छापायला काढला होता. आयोवाच्या या माळावर सगळ्यांत आधी येऊन वसलेल्या शेतकऱ्यांच्या हकिकती त्यात घालायच्या होत्या. कोण कुठून आलं, आईबाप कोण, किती माळ मोडला, मुलंबाळं किती, ते सगळं पिम घरोघरी जाऊन वहीत उतरवून घ्यायचा.

ऑरिनला स्वतःबद्दल बोलायला लावणं म्हणजे त्याची दाढ उपटण्यासारखं होतं. "माझं काय लिहिणार? आलो, नांगरलं, अजून नांगरतोय."

"अहो, पलीकडच्या त्या बकनं दोन पानं सांगितलीत म्हणे," त्याची बायको अल्मिरा म्हणाली. "दोन! आपल्यामागून नऊ वर्षांनी आलेला माणूस तो. बसा इथे गपचूप."

तो बसला. स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाशी एका बाजूला पिम, दुसऱ्या बाजूला ऑरिन. खिडकीपाशी रूथ सफरचंदं सोलत होती. एकोणऐंशी वर्षांची, काडीसारखी, पण सुरी अजून झरझर चालायची. आसपासची सगळी माणसं तिला क्रॉफ्ट आजी म्हणत. ऑरिन तिला आई म्हणायचा, पण ती त्याची जन्मदाती नव्हती, आणि हे काही कुणापासून लपलेलं नव्हतं.

एकदा बोलायला लागल्यावर ऑरिन बरा बोलला. सत्तेचाळीस साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी तो इथे आला, रूथ आणि तिचा नवरा हायरम क्रॉफ्ट यांच्याबरोबर. दोन छपराच्या गाड्या, चार बैल, मागच्या गाडीला बांधलेली एक गाय. बाकीचे लोक ओढ्याकाठच्या झाडीत जमिनी धरत होते, कारण जिथे झाड उगवत नाही तिथे मका कसला उगवणार असं सगळ्यांना वाटे. हायरम उघड्या माळावर गेला. गवत त्याच्या छातीला लागत होतं. "एवढं गवत ज्या मातीला पोसवतं, तिला माझा मका काय जड आहे?" तो म्हणाला, आणि तिथेच त्यानं बैल सोडले.

माळ मोडायला एका नांगराला बैलांच्या सहा जोड्या लागल्या. तीन घरांचे बैल एकत्र केले. गवताची मुळं तुटताना जाड कापड टरकावल्यासारखा आवाज यायचा, दिवसभर. पहिल्या वर्षी त्या उलट्या पडलेल्या ढेकळांत कुऱ्हाडीनं खाच पाडायची, त्यात मक्याचे दोन दाणे टाकायचे आणि टाचेनं दाबायचं, एवढीच शेती. मग हिवतापाचा हिवाळा आला. घरातल्या तिघांनाही एकाच वेळी थंडी वाजायची, तेव्हा ज्याचे दात कमी वाजत असतील त्यानं उठून चुलीत लाकूड घालायचं. छप्पन्न सालच्या वणव्यात हायरमनं आणि त्यानं घराभोवतीचं गवत स्वतःच जाळून टाकलं म्हणून घर राहिलं. अल्मिराशी लग्न पन्नास साली. आठ मुलं, त्यातली सहा जगली. हायरम जाऊन आता अकरा वर्षं झाली होती. मागच्या टेकाडावर त्याला पुरलं होतं.

"आता आईवडिलांचं," पिम म्हणाला. "म्हणजे खऱ्या."

ऑरिननं खिडकीकडे पाहिलं. "खरे हेच. पण तुम्हाला लिहायचंच असेल तर लिहा. मी सात वर्षांचा होतो. आम्ही ओहायोतून निघालो होतो. तेहेतीस सालची पटकीची साथ. वॉबाश नदीच्या काठावर आमचं सगळं घर गेलं. बाप, आई, धाकटी बहीण, पाळण्यातला भाऊ. मी एकटा वाचलो. नदीकाठी या दोघांचं घर होतं, यांनी मला ठेवून घेतलं."

"नावं आठवतात?"

"आडनाव नाही आठवत. बाप पिंपं बनवायचा. सेथ त्याचं नाव. त्याच्या डाव्या हाताला एक बोट कमी होतं. आई केझाया. बहीण पेशन्स."

पिमची पेन्सिल थांबली. "केझाया?"

"हो. का?"

तो वहीची पानं मागे उलटू लागला. बराच मागे गेला. मग एका पानावर बोट ठेवून त्यानं वर पाहिलं, आणि ऑरिनला त्या माणसाचा चेहरा आवडला नाही. घरात कुणी वारल्याचं सांगायला आलेल्या माणसाचा असतो तसा तो झाला होता.

"ऑरिनकाका, मी तीन आठवड्यांपूर्वी पलीकडच्या जिल्ह्यात होतो," तो म्हणाला. "इथून पंचेचाळीस मैल असेल. तिथे लेवाय थेयर म्हणून एक शेतकरी आहेत. त्यांनी सांगितलेलं वाचू का?" आणि तो वाचायला लागला. "बाप सेथ थेयर, ओहायोतला पिंपं बनवणारा. आई केझाया. तेहेतीस साली कुटुंब इलिनॉयकडे निघालं. थोरला मुलगा ऑरिन, वय सात, वॉबाशच्या अलीकडच्या काठावर पटकीनं वारला." त्यानं पान उलटलं. "सेथ थेयर एकसष्ट साली वारले. आई हयात आहेत. लेवायच्याच घरी असतात. मी त्यांच्या हातची बीन्सची उसळ खाल्ली, काका."

ऑरिन आधी हसला. खरंच हसला, कुणीतरी वेडपट थट्टा केल्यावर हसतात तसा. मग तो थट्टेला साथ मागायला खिडकीकडे वळला. रूथच्या मांडीवरचं भांडं कललं होतं आणि सफरचंदाच्या फोडी एकेक करून जमिनीवर पडत होत्या. ती त्या पडताना बघत होती, पण भांडं सरळ करत नव्हती.

"आई?" ऑरिन म्हणाला.

"या माणसाला जायला सांग," रूथ म्हणाली.

पिम टोपी विसरून गेला.

रूथनं सांगितलं ते तिथेच, त्याच खुर्चीवर, भर दुपारी. अल्मिरानं तिच्या हातातली सुरी काढून घेतली. रूथ रडली नाही. पन्नास वर्षं मनात घोकून पाठ झालेलं असावं तसं ती एका सुरात बोलली.

"तुझ्या बापानं नदीकाठची सगळी दारं ठोठावली. पटकीचं पोर बघून कुणी दार उघडेना. तुझी आईही आजारी होती, गाडीत गोधड्यांखाली बेशुद्ध पडली होती. तराफेवाला आजारी माणसाला नदीपार नेत नव्हता. तिला लपवून नेता आली असती, पण तू मोठ्यानं कण्हत होतास. पलीकडे तीस मैलांवर तिचा भाऊ होता, आणि तिथे डॉक्टर होता. आम्ही दार उघडलं. बाप म्हणाला, हिला पोचवतो आणि याला न्यायला येतो. तू आमच्या घरात मरशील असं मला वाटलं होतं. नाही मेलास."

तिनं मांडीवरचं भांडं अखेर सरळ केलं.

"आमचा जोएल मेला," ती म्हणाली.

आजारपणातलं ऑरिनला काहीच आठवत नव्हतं, हे नावही नाही. या घरात हे नाव कधी कुणी घेतलंच नव्हतं.

"सहा वर्षांचा होता. तुझ्या शेजारीच निजायचा, ऐकायचाच नाही. तू उठून बसलास त्या दिवशी तो आडवा झाला. दुसऱ्या दिवशी संपलं."

"म्हणजे माझ्यामुळे..." ऑरिन पुटपुटला.

"पटकीमुळे," रूथ करड्या आवाजात म्हणाली. "तसलं काही डोक्यात घेऊ नकोस. पाच आठवडे झाले. तुझा बाप काही येईना. मला वाटायला लागलं की तो येणारच नाही, आणि तसं वाटलं की मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? मग एका दुपारी तो तराफ्यावरून उतरताना दिसला. हायरम म्हणाला, पोराला घेऊन मक्यात जा. काय करायचं ते आमचं काही ठरलेलं नव्हतं. मी गेले. जोएलच्या कबरीवर नुसती फळी होती, नाव कोरायचं राहिलं होतं. तुझा बाप आला, त्यानं ती ताजी माती पाहिली, आणि हायरमकडे बघितलं. हायरमनं नुसती मान हलवली. बस. तेवढंच केलं त्यानं. मग तुझ्या बापानं सुरी काढली आणि तिथे बसून फळीवर तुझं नाव कोरलं. अर्धी दुपार बसला होता. मक्याच्या ताटांतून मला त्याची पाठ दिसत होती."

ऑरिन उठून उभा राहिला होता.

कारण ती दुपार त्याला आठवत होती. त्याच्या सगळ्या लहानपणातली त्याला सगळ्यांत लख्ख आठवणारी तीच एक दुपार होती. हिरव्या मक्यात रूथच्या मांडीवर तो बसला होता, तिनं त्याला मेपलच्या साखरेचा एवढा मोठा खडा दिला होता, आणि अस्वलाची एक लांबलचक गोष्ट ती त्याच्या कानाशी लागून सांगत राहिली होती. तिचा एक हात त्याच्या दुसऱ्या कानावर होता. या बाईनं आपल्याला जीव लावला तो त्या दुपारी, असं त्यानं आपल्या सहाही मुलांना सांगितलं होतं.

"किती लांब होता तो?" त्यानं विचारलं.

"साठ पावलं," रूथ म्हणाली. "असेल नसेल."

तो बाहेर गेला. कोठारात जाऊन उगाच एक खोगीर खाली काढलं, पुन्हा खुंटीला लावलं, पुन्हा काढलं. अल्मिरा मागून आली तेव्हा तो ते खोगीर छातीशी धरून उभा होता.

"अहो, उद्या सकाळी निघू या," ती म्हणाली.

"माझी आई जिवंत आहे, अल्मिरा."

"ऐकलं मी."

"मी इथे छत्तीस वर्षं मका पेरतोय. ती पंचेचाळीस मैलांवर आहे."

पोचायला त्यांना दीड दिवस लागला. वाटेत ऑरिन फारसा बोलला नाही. एकदाच म्हणाला, "हायरमनं मला नांगर धरायला शिकवला," आणि मग पुढे काय म्हणायचं ते त्याला सुचलं नाही.

लेवाय थेयरच्या कुंपणाशी एक माणूस खांब ठोकत होता. गाडीचा आवाज ऐकून तो वळला, आणि अल्मिराच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. तेच टक्कल, तेच खाली वळलेलं नाक, एका पायावर भार टाकून उभं राहायची तीच तऱ्हा. सात वर्षांनी लहान ऑरिनच खांब ठोकत होता. त्या माणसानंही हातोडा खाली ठेवला आणि आ वासून बघत राहिला.

"तुम्ही थेयरांपैकी कुणी?" त्यानं विचारलं. "काकांकडचे?"

"मी ऑरिन," ऑरिन म्हणाला.

लेवाय त्याच्याकडे बघत बघतच कुंपणापासून मागे सरकला. पाळण्यात असल्यापासून या नावाच्या मेलेल्या भावाबद्दल त्यानं ऐकलं होतं. दरवर्षी ऑगस्टात आई एक दिवस जेवत नसे, त्या भावासाठी. परवाच तो दिवस होऊन गेला होता.

ओसरीवर एक म्हातारी बसून शेंगा सोलत होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

"लेवाय, कोण रे?" तिनं हाक मारली.

ऑरिन पायऱ्यांपर्यंत गेला. दीड दिवस त्यानं बोलायचं म्हणून जे जुळवलं होतं ते सगळं त्याच्या डोक्यातून गेलं. "बाई, मी लांबून आलोय," एवढंच तो म्हणाला.

शेंगा तिच्या हातातच राहिल्या. "हा कुणाच्या आवाजात बोलतोय?" ती म्हणाली. "लेवाय! तुझा बाप मेला त्याला बावीस वर्षं झाली. कोण आहे हा? त्याला बोलू नको म्हणावं!"

लेवायनं सांगायला सुरुवात केली, अडखळला, पुन्हा सुरुवात केली. केझायानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि ठाम मान हलवली. "माझा ऑरिन मातीत आहे. मी स्वतः जाऊन आलेय तिथे. एकदा नाही, तीनदा. तुम्ही कुणीतरी लबाड आहात, नाहीतर वेडे आहात. थोडं पाणी प्या आणि जा."

ऑरिन पायरीवर बसला. काय सांगावं? आडनावसुद्धा त्याला परवा कळलं होतं. तो डोकं खाजवत राहिला, आणि मग त्याला जे आठवलं ते त्यानं सांगून टाकलं.

"ओहायोत निघायच्या आदल्या दिवशी दुधाचं मोठं मडकं फुटलं होतं. निळा पक्षी रंगवलेलं. तुम्ही पेशन्सला मारलंत. ती रडत रडत सांगत होती की मी नाही फोडलं म्हणून." तो थांबला. "मी फोडलं होतं. टोपीनं माशी मारायला गेलो."

केझायानं मांडीवरच्या शेंगा बाजूला सारल्या. मग तिनं हात पुढे केला. तो हवेतच चाचपडत होता, तेव्हा अल्मिरानं ऑरिनला पाठीत ढकललं आणि त्याचं टक्कल त्या हाताखाली गेलं.

"मला माहीत होतं," केझाया म्हणाली. "मेल्या, मला तेव्हाच माहीत होतं. पण पोरीला मारून झालं होतं."

ती रडली ती मोठ्यानं, तोंड वर करून, लाज न बाळगता. लेवायची बायको घरातून धावत आली आणि काय झालं ते न कळताच तीही रडायला लागली. मग एकदम केझाया थांबली. ऑरिनचा कान घट्ट पकडून तिनं विचारलं, "मग तिथे कोण आहे?"

त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं, मक्यातल्या दुपारीसकट. रूथ अजून जिवंत आहे हेही.

"घेऊन ये तिला," केझाया म्हणाली.

रूथ यायला तयार होणार नाही असं ऑरिनला वाटत होतं. घरी परतल्यावर त्यानं निरोप सांगितला तर तिनं बाहेर जायची काळी टोपी पेटीतून आधीच काढून ठेवलेली होती. "इथे नाही गाठलं तर वर गाठेलच ती मला," रूथ म्हणाली. "तिथे बाकीच्यांसमोर नको." साऱ्या वाटेत ऑरिन तिच्याशी एक शब्द बोलला नाही. फक्त खड्डा आला की हात आडवा धरायचा, तिला धक्का बसू नये म्हणून. ते त्याच्या हाताला सवयीनं कळत होतं, त्याला विचारून नाही.

दोघी म्हाताऱ्या ओसरीवर समोरासमोर बसल्या. बाकी सगळे उभेच राहिले.

"सगळे मेले असं सांगितल्यावर किती दिवस रडला?" केझायानं विचारलं. दुसरं काही नाही, रामरामसुद्धा नाही.

"अकरा दिवस."

"मग?"

"मग त्यानं मक्याची भाकरी मागितली."

केझायानं तोंड फिरवलं. "सेथला मी आयुष्यभर बोलत राहिले," ती भिंतीला सांगितल्यासारखी म्हणाली. "पोराला टाकून आलास, पोराला टाकून आलास. मरेपर्यंत ऐकलं त्यानं. अठ्ठावीस वर्षं." मग रूथकडे वळून, "माफबिफ मी तुला करणार नाही. आधीच सांगून ठेवते."

"नकोच," रूथ म्हणाली. "पण एक विचारू? तू तिथे जाऊन आलीस म्हणे. त्याच आठवड्यात आम्ही ते घर सोडलं, आणि हायरमनं मला परत कधी जाऊ दिलं नाही. फळी आहे का अजून?"

"फळी? चाळीस साली आम्ही दगड लावला. पांढरा. लायलॅकचं फुलझाड लावलं, आता घराएवढं झालं असेल. मी तिथलं गवत माझ्या हातानं उपटलंय. शेवटचं गेले तेव्हा दोन दिवस बसले होते त्याच्यापाशी. बोलत होते."

"जोएलपाशी?" रूथ म्हणाली.

हे तोवर कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. केझायाच्यासुद्धा नाही. रूथनं तोंडावर पदरासारखा ॲप्रन ओढून घेतला आणि तिच्या त्या काटकुळ्या अंगातून असा आवाज निघाला की लेवाय अंगणात निघून गेला. पन्नास वर्षं तिला वाटत आलं होतं की आपलं पोर दुसऱ्याच्या नावाखाली रानात बेवारस पडलं आहे.

बऱ्याच वेळानं केझाया म्हणाली, "सातचा नव्हता का तो?"

"सहाचा."

"मी दगडावर सात घालायला सांगितलं." तिनं खुर्ची पुढे ओढली. "कसा होता?"

रूथ चार दिवस राहिली. पहिला दिवस जोएलचा झाला. मग केझाया म्हणाली, "आता माझ्याचं सांग. आठव्या वर्षापासून. एकही वर्ष गाळायचं नाही." आणि रूथनं सांगितलं. गोवर, पडलेले दुधाचे दात, विहिरीत पडलेलं कोकरू, बाराव्या वर्षी हायरमची पाईप ओढून झालेल्या ओकाऱ्या. मध्येच केझाया अडवायची, "छत्तीसचा हिवाळा राहिला," आणि रूथ कपाळ चोळून मागे जायची. ऑरिन दारात उभा राहून आपलं आयुष्य ऐकत होता. दोघींपैकी कुणीही त्याला काही विचारलं नाही.

पुढच्या वसंतात दोघे भाऊ रूथला घेऊन आगगाडीनं वॉबाशला गेले आणि दगड बदलून आले. केझायाला यायचं होतं, पण ती फेब्रुवारीतच छातीच्या तापानं गेली. ऑरिन शेवटचे नऊ दिवस तिच्यापाशी होता. रूथ शहाऐंशी सालापर्यंत जगली, ऑरिनच्याच घरात, त्याच खिडकीशी. तिला कुणी काही कमी केलं नाही. पण तो तिला आई म्हणायचा तेव्हा आधी किंचित थांबायचा. तिलाही ते कळत होतं. ती तेवढा वेळ वाट बघायची.

आडनाव त्यानं बदललं नाही. जमीन क्रॉफ्टच्या नावानं मोडली होती, मुलं क्रॉफ्ट होती. लेवायची नातवंडं त्याला थेयर आजोबा म्हणत, तर त्यालाही तो ओ द्यायचा. हायरमच्या टेकाडावर मात्र तो कितीतरी वर्षं गेला नाही. तिथलं गवत थोरला मुलगा कापायचा. पुढे एकदा, बहुतेक एक्क्याण्णव साली, अल्मिरानं त्याला तिथे उभा असलेला पाहिलं. हात कमरेवर, ऐन पेरणीच्या दिवसांत, बैल उन्हात तसेच जुंपलेले.

जेवायला आला तेव्हा तिनं विचारलं, "काय म्हणालात त्यांना?"

"शिव्या द्यायला गेलो होतो," ऑरिन म्हणाला. तो अजूनही चकित दिसत होता. "आणि पूर्वेकडच्या वावरात यंदा काय पेरू, ते विचारून आलो."